कात्री सर्वांत शेवटी: जुने स्वेटर आणि कापडाचे तुकडे यांतून नवा कपडा

माझा पहिला प्रयोग तासाभरात वाया गेला. कपाटात पडून असलेला एक जाड स्वेटर घेतला, छातीवर खडूने सरळ रेघ मारली आणि कात्री चालवली. कापलेल्या कडेचे टाके एकेक करून सुटायला लागले. घाईघाईने मशीनवर टीप मारली तर कड लाटेसारखी पसरली. शेवटी हातात उरलं ते ना जाकीट, ना स्वेटर. तेव्हा वाटलं, आपल्याला शिवणच येत नाही. खरं तर शिवण बरी होती, कात्री फार लवकर उचलली होती.

या कामाचा निम्म्याहून जास्त वेळ कात्री लागायच्या आधी जातो आणि तो जाऊ द्यायचा असतो. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत. उदाहरणासाठी एकच कपडा धरू: डोक्यातून घालायच्या स्वेटरचं पुढून उघडणारं जाकीट, त्याला कापडी पट्टी आणि तुकडे जोडून केलेले खिसे. तुम्हाला मशीनवर सरळ टीप आणि झिगझॅग येते एवढं गृहीत धरलं आहे. ओव्हरलॉक मशीन (कड कापून लगेच दोऱ्याने गुंफणारं) असेल तर उत्तम, नसेल तर काही अडत नाही.

लागणारं सामान

- फक्त कापडासाठी राखलेली धारदार कात्री. बोथट कात्री विणलेलं कापड कापत नाही, चावते.
- टाके उसवायचं सीम रिपर
- मशीनसाठी बॉल पॉइंट सुया, ९०/१४ नंबरच्या. यांचं टोक गोलसर असतं, त्यामुळे सुई धाग्याला भोक पाडत नाही, बाजूला सारून जाते. साध्या सुईने विणीचा एखादा धागा तुटला की तिथून पुढे घरं, म्हणजे विणीचे टाके, सुटत जातात.
- पॉलिएस्टर दोरा. सुती दोऱ्याला ताण सोसत नाही, कपडा घालताना टीप तटकन तुटते.
- कापडी क्लिपा. जाड विणीत टाचण्या हरवतात आणि नंतर घालणाऱ्याला सापडतात.
- वाफेची इस्त्री आणि एक सुती फडकं
- सुमारे १ सेंटीमीटर रुंदीची सुती टेप किंवा नाडी
- चेन असलेला उशीचा अभ्रा
- स्वयंपाकघरातला वजनकाटा
- मोजपट्टी, खडू, भडक रंगाचा दोरा, ब्राउन पेपर
- तुमच्या अंगाला नीट बसणारा एक कपडा. माप घेण्यापेक्षा या कपड्यावरून माप काढणं सोपं आणि जास्त खात्रीचं असतं.

१. आधी धागा ओळखा

स्वेटर म्हणजे लोकर, ही समजूत सोडून द्या. बाजारातले कितीतरी स्वेटर अॅक्रिलिकचे किंवा मिश्र धाग्याचे असतात. धागा कोणता यावर पुढचं सगळं ठरतं: तो आटेल का, वाफ सोसेल का, रंग घेईल का.

आतल्या शिवणीवरचं लेबल पाहा. ते कापून टाकलेलं असेल तर जळण चाचणी करा. मायेतून, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेल्या जादा कापडातून, दोन-तीन धागे ओढून घ्या, चिमट्यात धरा, खाली धातूची वाटी ठेवा, शेजारी पाणी ठेवा. लोकरीला केस जळल्यासारखी घाण येते, ज्योत काढली की बहुतेक वेळा आपणच विझते आणि राख बोटाने चुरडता येते. सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ करडी राख उरते. अॅक्रिलिक वितळतं आणि थंड झाल्यावर कडक काळा मणी उरतो, तो चुरडत नाही. मिश्र धाग्यात या खुणा एकमेकींत मिसळतात. तेव्हा शंका असेल तर तो मिश्र आहे असं समजूनच वागा.

लोकरीतही एक फसवा प्रकार आहे. लेबलवर ‘सुपरवॉश’ किंवा मशीनमध्ये धुता येईल असं लिहिलेली लोकर आटू नये म्हणून तिच्यावर प्रक्रिया केलेली असते. ती कितीही गरम पाण्यात घाला, फेल्ट होणार नाही, म्हणजे आटून जाड, घट्ट कापड बनणार नाही. मी तीन वेळा घातली आहे.

२. धुवा, आणि कसर असेल तर घरात पसरू देऊ नका

सगळं सामान वापरण्याआधी धुवायचं, यात सवलत नाही. सुती तुकडे आधी न धुता स्वेटरला जोडले तर पहिल्या धुण्यात कापड आटतं, स्वेटर तसाच राहतो आणि शिवणीवर कायमच्या चुण्या पडतात. गडद तुकड्यांवर ओलं पांढरं फडकं दाबून पाहा. फडक्याला रंग लागला तर तो तुकडा फिक्या स्वेटरजवळ नेऊ नका.

दुसऱ्यांकडून आलेल्या लोकरी कपड्यांत बारीक, विखुरलेली भोकं दिसली तर ती बहुधा कसरीची असतात. कपडे खाते ती पतंगाची अळी. लोकरीतलं केराटिन हे तिचं खाद्य आहे. असा कपडा प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर कपड्यावर दव धरतं.

३. चार ढीग करा

नवखे इथे घाई करतात आणि पुढे अडकतात. सगळे स्वेटर जमिनीवर पसरा आणि प्रत्येकाला विचारा, याचं कमीत कमी किती मोडून भागेल?

पहिला ढीग अखंड ठेवायच्या स्वेटरांचा. वीण चांगली आहे, फक्त आकार किंवा गळा आवडत नाही. जाकिटासाठी यातला एक लागेल.

दुसरा ढीग फेल्ट करण्यासारख्यांचा. शुद्ध लोकर, पण भोकं पडलेली किंवा आधीच थोडी आटलेली.

तिसरा ढीग उसवून सूत काढायचा. धागा चांगला, स्वेटर बेढब.

चौथा भरावाचा: कोपर विरलेले, गोळे धरलेले, कशालाच न लागणारे.

वरून खाली जावं तसा धाग्याचा कस उतरतो, म्हणून क्रम असाच ठेवायचा. इंग्लंडमधल्या बॅटली या गावात बेंजामिन लॉ यांनी १८१३ साली जुनी लोकरी वस्त्रं पिंजून, ते तंतू नव्या लोकरीत मिसळून कापड करायची युक्ती काढली. तिला ‘शॉडी’ म्हणत. त्यावर मोठा उद्योग उभा राहिला, पण पिंजताना तंतू तुटून आखूड होतात आणि आखूड तंतूंचं कापड लवकर विरतं. इंग्रजीत आज शॉडी म्हणजे निकृष्ट, त्यामागे हे कापड आहे. आपल्याकडे पिंजायचं यंत्र नाही हे एका परीने बरंच आहे. विणलेला तुकडा जसाच्या तसा वापरणं आपल्याला भागच पडतं.

ढीग झाले की प्रत्येक तुकडा हातात तोलून जाडीप्रमाणे लावा. एका कपड्यात शेजारी येणारे तुकडे साधारण एकाच जाडीचे हवेत. जड तुकडा हलक्याच्या खाली लोंबकळला तर दोन महिन्यांत हलका ताणून जातो. रंगांबद्दल माझं मत ऐकून घ्या, मग हवं ते करा. एका कपड्यात दोन शांत रंग आणि एकच बोलका तुकडा. पाच स्वेटरांचे पाच रंग एकत्र केलेला कपडा फोटोत छान दिसतो आणि मग खुंटीवरच राहतो. माझ्याकडे असे दोन आहेत.

४. फेल्ट करणं

लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घासणं या तिन्हींनी ते खवले एकमेकांत अडकतात आणि वीण घट्ट होऊन तिचं जाड, न सुटणारं कापड बनतं. हे एकदा झालं की मागे फिरता येत नाही.

बटणं, चेन, लेबलं काढा. स्वेटर उशीच्या अभ्र्यात घालून चेन लावा. हा अभ्रा विसरलात तर सुटलेली लोकर मशीनच्या गाळणीत जाऊन बसते आणि पाणी तुंबतं. सोबत एखादी जुनी जीन्स टाका, म्हणजे घासलं जाईल. ६० अंशांवर धुवा. एका फेरीत झालं नाही तर पुन्हा. दोन छोट्या फेऱ्या एका लांब फेरीपेक्षा बऱ्या, मधे बघता येतं.

झालं हे कसं ओळखायचं? आतल्या बाजूला कुठेतरी बारीक काप द्या आणि दोन्हीकडून ओढा. घरं सुटली नाहीत आणि टाके वेगळे दिसेनासे झाले तर काम झालं. आटण्याचं प्रमाण स्वेटरागणिक बदलतं. चौथा ते तिसरा हिस्सा सहज जातो आणि लांबीत व रुंदीत तो सारखा जातोच असं नाही. म्हणून फेल्टसाठी नेहमी मोठ्या मापाचा स्वेटर निवडा आणि नमुना फेल्ट झाल्यानंतरच आखा, आधी नाही.

फेल्टचा मोठा फायदा म्हणजे त्याच्या कडा सुटत नाहीत. खिसे, कॉलर, कोपरावरचं ठिगळ यांना दुमड घालायचीही गरज नसते.

५. उसवून सूत काढणं

उसवण्याआधी स्वेटर उलटा करून बाजूच्या शिवणी पाहा. शिवण साखळीसारखी असेल आणि दोन्ही तुकड्यांच्या कडा नीट, बंद दिसत असतील तर तो तुकडा आकारानेच विणलेला आहे आणि त्यातून लांब अखंड सूत निघेल. कडेवर ओव्हरलॉकची दाट टीप असेल तर तो विणलेल्या थानातून बेतलेला आहे. त्यात प्रत्येक ओळ कडेला कापलेली असते, म्हणजे सूत निघेल ते एकेका ओळीच्या लांबीचे तुकडे. तो उसवत बसू नका.

शिवणी उसवून पुढचा, मागचा, बाह्या वेगळ्या करा. खालून वर विणलेला तुकडा वरच्या टोकाकडून, जिथे टाके बंद केलेत तिथून, सुटतो. खालून ओढत राहिलात तर सूत अडकतं आणि आपली चिडचिड होते. मऊ केसाळ लोकर आणि फेल्ट झालेला स्वेटर उसवायच्या भानगडीत पडू नये.

निघालेलं सूत खुर्चीच्या पाठीला गुंडाळून त्याची लड करा. चार ठिकाणी दुसऱ्या दोऱ्याने सैल, आठाच्या आकड्यासारखी गाठ घाला. हे बांधणं टाळलंत तर धुतल्यावर सुताऐवजी घरटं मिळेल. कोमट पाण्यात अर्धा तास बुडवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि खाली हलकं वजन लावून टांगा. सुताच्या कुरळ्या वळ्या बऱ्याचशा निघून जातात. वाळल्यावर वजन करून कागदावर लिहून लडीला बांधा. जाकिटाला नव्या मनगटपट्ट्या विणायच्या असतील तर एवढं पुरेल की नाही हे जुन्या मनगटपट्टीचं वजन करून कळतं. अंदाजाने मला कधीच कळलेलं नाही.

६. चिंध्यांचं कापड

तळहाताएवढ्या तुकड्यांना एकेक करून स्वेटरला जोडायला जाऊ नका. आधी त्यांचंच एक सलग कापड करा आणि मग त्यातून खिसा, खांद्याचा भाग किंवा कॉलर बेता.

पायाला जुन्या पातळ चादरीचा तुकडा घ्या, हव्या त्या आकारापेक्षा सगळीकडून ३ सेंटीमीटर मोठा. मधोमध पहिला तुकडा सुलट ठेवा. त्यावर दुसरा उलटा ठेवून एका कडेला टीप मारा, मग तो उलगडून इस्त्रीने दाबा. तिसरा या दोघांच्या कडेवर. असं बाहेर बाहेर जात राहा. इस्त्री प्रत्येक टिपेनंतर. तिथे आळस केला तर शेवटी कापड फुगतं आणि मग कितीही दाबलं तरी बसत नाही.

सारखे चौकोन जोडणार असाल तर आधी हिशेब करा. १० सेंटीमीटरच्या चौकोनाला दोन्हीकडे पाऊण सेंटीमीटर माया गेली की साडेआठ उरतात. दहा चौकोनांची ओळ १०० नाही, साधारण ८५ सेंटीमीटर भरते. माझी एक पाठ याच हिशेबात पंधरा सेंटीमीटरने कमी पडली होती आणि नंतर मधे घातलेली पट्टीच लोकांना सगळ्यात आवडली, पण त्यावर भरवसा ठेवू नका.

ताणणारं आणि न ताणणारं कापड एकत्र येणार असेल तर न ताणणारं कुठे बसवायचं हे विचारपूर्वक ठरवा. खिसे, खांदे, पुढची पट्टी, कॉलर इथे चालतं, उलट बरंच असतं, कारण ते स्वेटरला आकार धरून ठेवतं. बाहीच्या आडव्या घेरात, कंबरेला आणि डोक्यातून घालायच्या गळ्याला नको. एकदा बंद गळ्याला मी सुंदर सुती पट्टी लावली. गळा दिसायला उत्तम, डोकं मात्र आत जाईना. प्रौढ माणसाच्या डोक्याचा घेर साधारण ५५ ते ६० सेंटीमीटर असतो. उघडणारा गळा नसेल तर शिवण्याआधी पट्टी टाचून डोक्यातून घालून पाहा.

७. आखणी: तयार कडा वाया घालवू नका

या कामातली सगळ्यात किमती वस्तू म्हणजे आधीच पूर्ण झालेली कड. स्वेटरच्या खालची रिब (उभ्या रेघांची ताणणारी पट्टी), मनगटाची रिब, गळपट्टी, शर्टाची काजपट्टी, पँटचा तयार खिसा. नवखा माणूस हे सगळं कापून टाकतो आणि मग नवी कड करायला दोन दिवस घालवतो.

म्हणून नमुना कापडावर ठेवताना उलटं करा. आधी तयार कड नव्या कपड्यात कुठे बसेल ते ठरवा, मग बाकीचा नमुना तिच्याभोवती फिरवा. खिशाचा कागद असा ठेवा की त्याची वरची रेघ मनगटाच्या रिबवर येईल. खिशाचं तोंड तयार झालं. जाकिटाचा खालचा घेर म्हणजे स्वेटरची जुनी रिब, तिला हातही लावायचा नाही. जुन्या सुती शर्टाच्या काजपट्टी आणि बटणपट्टी कडेला दीड सेंटीमीटर माया ठेवून उभ्या कापून घेतल्या, तर पुढची पट्टी काजं आणि बटणांसकट तयार मिळते. विणीवर काज करणं हे नवख्याला रडवणारं काम आहे, ते यात टळतं.

दिशा पाहा. वीण आडवी जास्त ताणते, उभी कमी. सगळे तुकडे एकाच दिशेने ठेवा, नाहीतर एक बाही गुडघ्याकडे आणि दुसरी कोपराकडे जाते. कापडी तुकड्यांत वळणदार कडेसाठी उरेब पट्टी लागेल. ती कापडाच्या उभ्या धाग्याला ४५ अंशांत कापतात. ४ सेंटीमीटर रुंद पट्टी दोन्हीकडून आत आणि मग मधोमध दुमडली की १ सेंटीमीटरचा गोट मिळतो.

८. आधी टीप, मग काप

आता पुढचा भाग उघडायचा. फेल्ट न झालेली वीण अशीच कापायची नाही. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरच्या विणकरांची एक जुनी पद्धत आहे: स्वेटर नळीसारखा गोल विणायचा आणि मग पुढून कापायचा. आपण मशीनवर आधी कडा पक्क्या करून तेच करू.

स्वेटर सपाट पसरा, न ताणता. मधली रेघ मोजून काढा आणि टाक्यांची एकच उभी ओळ निवडा. त्या ओळीतून भडक दोऱ्याने हाताने सैल धावदोरा घाला. खडूची रेघ विणीवर पुसली जाते, दोरा राहतो. धावदोऱ्याच्या दोन्ही बाजूंना अर्धा सेंटीमीटर अंतरावर अरुंद, दाट झिगझॅगच्या दोन-दोन ओळी मारा. खालच्या रिबच्या टोकापासून गळ्याच्या टोकापर्यंत, मधे न थांबता. मागचा भाग सुईखाली आलेला नाही ना, हे दर वीतभर अंतराला चाचपून पाहा. हसू नका, एका बैठकीत मी पुढचा आणि मागचा असे दोन्ही एकत्र शिवले आहेत.

टीप मारताना कड पसरते त्याचं कारण साधं आहे. खालचे दात कापड पुढे नेतात आणि वरचा दाबपाय ते दाबून धरतो, त्यामुळे वीण लांबते. उपाय तीन. दाबपायाचा दाब कमी करता येत असेल तर करा. कापडाखाली पातळ कागदाची पट्टी ठेवून तिच्यासकट शिवा, नंतर कागद फाडून काढा. आणि मागून ओढू नका, हात फक्त दिशेपुरता ठेवा. कापण्याआधी त्याच स्वेटरच्या टाकाऊ भागावर एकदा करून पाहा.

मग चहा प्या, आणि त्यानंतर धावदोऱ्यावरून कापा.

९. पट्टी जोडणं

कापलेली कड सपाट ठेवून मोजा. हातात धरून लोंबती मोजलीत तर माप मोठं येतं आणि पट्टी लाटा मारते. शर्टाची तयार पट्टी वापरत नसाल तर पट्टी कापडाच्या उभ्या धाग्यात बेता, म्हणजे ती स्वेटरला खाली सरकू देणार नाही. १० सेंटीमीटर रुंद पट्टी घेतली तर दोन्हीकडची दीड सेंटीमीटर माया जाऊन ७ उरतात, दुमडून साडेतीन. खालच्या आणि वरच्या टोकाला दुमडीसाठी दीड-दीड सेंटीमीटर लांबी जास्त धरा.

पट्टी आणि कड दोन्हींचे चार-चार सारखे भाग करून खुणा करा, खुणेवर खूण ठेवून क्लिपा लावा. स्वेटर खाली आणि कापड वर ठेवून शिवा. खालचे दात वीण थोडी आत ओढतात आणि चुकलंच तर जास्तीची वीण सामावली जाते. टीप दीड सेंटीमीटरवर मारायची, म्हणजे आधीच्या झिगझॅगच्या ओळी पट्टीच्या आत लपतात. दोन्हीकडे दीड-दीड सेंटीमीटर गेले आणि दोन साडेतीनच्या पट्ट्या एकमेकींवर आल्या की घेर जवळजवळ जुन्या स्वेटरइतकाच राहतो. मापाची वेगळी चिंता नको.

पट्टी दुमडून आतली कड हाताने तुरपा. मशीनने वरून मारलेली टीप बाहेरून हमखास वाकडी दिसते. हाताने अर्धा तास जास्त लागतो, पण पुढची पट्टीच लोक आधी बघतात.

खांद्याच्या शिवणी उसवल्या असतील तर पुन्हा जोडताना सुती टेप आत घेऊन शिवा. सगळ्या कपड्याचं वजन खांद्यावर असतं, टेप नसेल तर खांदे हळूहळू दंडावर उतरतात. गळ्याच्या मागच्या कडेलाही तीच टेप.

फेल्टचे तुकडे फेल्टला जोडायचे असतील तर नेहमीसारखी शिवण घालू नका, फार जाड होते. एक कड दुसरीवर १ सेंटीमीटर चढवा आणि वरून रुंद झिगझॅग मारा.

१०. वाफ, खिसे आणि शेवटचा हात

शिवण झाल्यावर कपडा ओबडधोबडच दिसतो, घाबरू नका. लोकरीवर सुती फडकं ठेवून इस्त्री दोन बोटं वर धरून वाफ द्या, मग हाताने थापटून आकारात आणा आणि गार होईपर्यंत हलवू नका. पसरलेल्या कडा बऱ्याच प्रमाणात परत येतात. अॅक्रिलिकला मात्र हे करू नका. जास्त गरम वाफेने त्याची उसळी मरते, कापड लुळं पडतं आणि ते पुन्हा सुधारत नाही. पहिल्या पायरीत धागा ओळखायला लावला तो यासाठी.

खिसे सगळ्यात शेवटी. जाकीट घालून आरशासमोर उभे राहा, हात सहज जातात तिथे खूण करा. टेबलावर ठरवलेले खिसे नेहमी फार खाली येतात, कारण अंगावर वीण लोंबते. खिशाच्या वरच्या दोन कोपऱ्यांना आतून कापडाचा छोटा तुकडा लावून टीप मारा. हात घालताना ताण तिथेच येतो.

रंगवायचा विचार असेल तर एक जाणून घ्या. लोकरीचा रंग वेगळा आणि सुती धाग्याचा वेगळा. एकाच भांड्यात दोन्ही घातले तर दोघांची छटा सारखी येणार नाही. शिवाय तयार कपड्यांची टीप बहुतेक पॉलिएस्टर दोऱ्याची असते, त्यावर यातला कुठलाच रंग चढत नाही. निळा झालेला स्वेटर आणि त्यावर जुन्याच पिवळ्या रंगाच्या टिपा, हे आवडत असेल तर करा.

११. धुणं आणि पुढची डागडुजी

आता या कपड्यात तीन-चार प्रकारचे धागे आहेत. धुताना त्यातल्या सगळ्यात नाजूक धाग्याचा नियम पाळायचा. लोकर असेल तर गार पाणी, सौम्य साबण, पिळणं नाही, आणि आडवं पसरून वाळवणं. दोरीवर टांगलंत तर पाण्याच्या वजनाने बाह्या लांबतात. आतल्या बाजूला पांढऱ्या फितीवर कायम शाईने धाग्याची नावं लिहून शिवून टाका. वर्षभराने तुम्हालाच आठवणार नाही.

पहिल्या दोन धुण्यांनंतर शिवणी आतून तपासा. एखादं घर सुटलेलं दिसलं तर लगेच हाताने दोन टाके घाला, आठवडाभर थांबलात तर ते बोटभर होतं. बेतताना उरलेले तळहाताएवढे तुकडे, थोडं सूत आणि दोऱ्याची रीळ एका पाकिटात घालून कपड्यासोबतच ठेवा. कोपर विरतातच, तेव्हा त्याच विणीचं ठिगळ शोधत फिरावं लागत नाही.